मरियामातेचं कपाळ

आष्टीच्या बद्रीनाथ पेंटरने आयुष्यभर देवच रंगवले. मारुती झाले, खंडोबा झाले, गावोगावच्या देवळांतल्या लक्ष्म्या झाल्या. त्यामुळे ख्रिस्ती वस्तीवरच्या धोंडीराम मास्तरांनी चर्चच्या भिंतीवर मरियामाता काढायला सांगितली, तेव्हा त्याने फारसा विचार केला नाही. आई आणि तिच्या मांडीवर लेकरू, एवढंच तर काढायचं होतं.

काढलीही झकास. डोक्यावरून निळा पदर, लेकरू गुटगुटीत. पण तिचं मोकळं कपाळ त्याला बघवेना. चांगली लेकुरवाळी बाई, आणि कपाळ पांढरं? हात आपसूक लाल रंगाकडे गेला आणि बंद्या रुपयाएवढं ठसठशीत कुंकू उमटलं.

मास्तरांना आधी हसूच आलं. मग त्यांनी समजुतीने सांगितलं, की आमची आई कुंकू लावत नाही. वस्तीवरच्या बायकाही लावत नाहीत, नवरे धडधाकट असूनसुद्धा. रविवारी सण आहे, फादर येणार आहेत, तेवढं ओलं आहे तोवर पुसून टाका. काम एवढंसं, पण बद्रीनाथ हटूनच बसला. दुसरा पेंटर बघा म्हणाला, बाईचं कुंकू पुसायचं पाप मी करणार नाही, मग ती भिंतीवरची का असेना. मास्तर म्हणाले, अहो, तिचा नवरा होता की, योसेफ. मग तर कुंकू असायलाच पाहिजे, असं बद्रीनाथचं म्हणणं पडलं. आता या माणसापुढे कोण काय बोलणार!

परांचीखाली त्याची सून दीपमाला रंग कालवत होती. बद्रीनाथचा मुलगा अपघातात गेल्यापासून तीच त्याच्याबरोबर कामाला यायची. ती उठली, टर्पेंटाइनमध्ये बोळा भिजवला आणि शिडी चढली.

"मामा, तुमच्यानं व्हत न्हाई तर मी पुसते," ती म्हणाली. "माजं पुसताना कुणी एवढं अडून बसलं न्हवतं."

मुलगा गेला त्या दिवशी बायकांनी तिला कुंकू पुसायला अंगणात बसवलं, तेव्हा बद्रीनाथ ओसरीवरच उभा होता. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता त्याने.

दीपमालाने कुंकू पुसलं, वरून अंगाचा रंग नीट भरला. मरियामाता होती तशीच राहिली. चेहऱ्यावरचं तेज तसूभरही कमी झालं नाही. बद्रीनाथ लाजेने भिंतीकडेच बघत राहिला. शेजारी उभ्या सुनेकडे बघायची त्याची छाती होईना.