बाहेर जाणारे दोन बाण

घरात तिला सगळे मास्तर म्हणत, कारण लहानपणापासून कुणी काही सांगितलं की तिचा प्रश्न ठरलेला, "पण असं का?" आता ती आरोग्य खात्यात होती. सिगारेटवर कर वाढवला, सुटी विक्री थांबवली किंवा नुसते धोक्याचे फलक लावले, तर वीस वर्षांनी काय होईल, हे संगणकावर आधीच चालवून बघायचं, हे तिचं काम.

त्या रविवारी बाबा खिडकीशी उशीला टेकून बसले होते. निवृत्त बसचालक. दोन पावलं चालले तरी छातीचा भाता व्हायचा, पण ओठांत सिगारेट होतीच. ती पेटवायचा मान घरातल्या शेंडेफळाचा. पूर्वी मास्तरचा होता, आता दादाच्या ठमीचा.

"शाब्बास, ड्रायव्हरीणबाई!" बाबांनी ठमीचा गालगुच्चा घेतला.

"पोरीच्या हातात काडी देताय, जरा तरी काही वाटू द्या," आई आतून करवादली.

"मास्तरनंही पेटवल्यात की. ती बिघडली का?"

"मी बिघडलो ना!" दादा आपल्या सिगारेटची राख झटकत म्हणाला, आणि सगळे हसले.

बाबांनी मास्तरच्या संगणकाच्या पडद्याकडे मान वळवली. "ही तुझी पाण्याची टाकी म्हणजे काय गं?"

"टाकी म्हणजे ओढणारी माणसं, बाबा. वरच्या नळातून नवी पोरं आत येतात, खालच्यातून माणसं बाहेर जातात."

"खाली परवा दोन बाण होते ना?"

"एक सोडणाऱ्यांचा होता. दुसरा..." तिनं नजर पडद्यावरच ठेवली. "दुसरा मरणाऱ्यांचा. साहेब म्हणाले, चित्रात फार गर्दी होतेय, म्हणून मी एकच केला. टाकीतली पातळी तेवढीच राहते."

गणित खरंच चुकत नव्हतं. बाबा खोकले, बराच वेळ खोकले. मग डोळे पुसत मिश्किल हसले. "म्हणजे मी गेलो की तुमच्या खात्याची प्रगतीच म्हणायची!"

"काहीतरीच काय बोलता!" ती म्हणाली. तिनं पडदा दुसरीकडे वळवला.

बाबा फार दिवस टिकले नाहीत. शेवटी शेवटी बोलायलाही श्वास पुरेना. बोटं तेवढी चादरीवर सिगारेट धरल्यासारखी जुळलेली असायची. आई ती हलकेच सोडवायची, ती पुन्हा जुळायची.

भेटायला येणारी माणसं ओसरली, त्या संध्याकाळी ठमी काडेपेटी घेऊन आली. "आत्या, आता मी कुणाची पेटवू?"

दादाचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्याचा हात सवयीनं खिशातल्या पाकिटाकडे गेला. ठमी आनंदानं त्याच्याकडे धावली. मास्तरनं मधेच तिचा हात धरला आणि काडेपेटी काढून घेतली.

"पोरीवर कशाला राग काढतेस?" दादा म्हणाला.

"पोरीवर नाही रे, दादा."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात पोचताच तिनं तो एक बाण तोडून पुन्हा दोन केले. नुसत्या फलकांची योजना चालवून पाहिली. टाकी उतरत होती, पण सोडणाऱ्यांचा बाण सुतासारखा बारीक होता. उतार जवळजवळ सगळा दुसऱ्या, मरणाऱ्यांच्या बाणाचा. कर वाढवून सुटी विक्री बंद केली, तेव्हा कुठे पहिला बाण जाड झाला आणि वरचा नळ आवळला गेला.

साहेबांना नेमके फलकच हवे होते. फलकांवर कुणी ओरडत नाही.

"हे कशाला बदललंत?" बैठकीआधी ते वैतागले. "पातळी उतरतेय ना? तेवढंच दाखवा."

"ती कशानं उतरतेय, हेही दाखवायला हवं, साहेब. या उतारात माझे वडील आहेत. त्यांनी सिगारेट सोडली नव्हती."

साहेबांचा आवाज खाली आला. "तुमचं दुःख मी समजू शकतो. पण घरचं घरी ठेवावं."

"घरचं घरीच ठेवलं होतं. बाबा समोर खोकत होते, तेव्हाच मी दोन बाणांचा एक केला." तिनं दोन बाणांचं चित्र त्यांच्यापुढे सरकवलं. "आता नाही करणार. एकच बाण हवा असेल, तर त्या चित्राखाली माझं नाव नको."

ती बैठकीत गेली ती दोन बाण घेऊनच. दिवे मंद झाले, चित्र भिंतीवर उमटलं. सगळ्यांच्या नजरा खाली, उतरणाऱ्या पातळीवर होत्या. ती एकटी वरच्या नळाकडे पाहत होती. तो अजून वाहत होता, आणि त्याच्या तोंडाशी तिला काडी धरलेला एक इवलासा हात दिसत होता.