मामाजींनी चूल पेटवली

शोभा कापूस वेचून घरी आली तेव्हा उन्हं कौलांवरून उतरून गेली होती. कमरेला बांधलेली कापडाची ओटीही तिनं सोडली नाही. दारातल्या पायरीवर जरा टेकावं म्हणून ती बसली आणि तिथंच बसून राहिली.

उठायचं तिच्या मनात होतं. हातपाय धुवायचे, चूल पेटवायची, भाजी टाकायची, मग भाकरी थापायच्या. नवऱ्याच्या येण्याआधी हे सगळं व्हायला हवं होतं. पण पाय तिचं ऐकायला तयार नव्हते. बोंडांची टोकं लागून बोटं सोललेली होती, कंबर तर आपली नाहीच असं वाटत होतं. समोरून रुळांपलीकडच्या मुहल्ल्यातल्या बाया सरपणाचे भारे घेऊन गेल्या. कुणीतरी तिला हाक मारली. तिनं नुसती मान हलवली.

घर सौंसर गावाच्या अगदी कडेला होतं. माणसं तीनच. शोभा, तिचा नवरा श्रावण आणि सासरे भिवाजी. श्रावण नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर कामाला होता. भिवाजींनी उभा जन्म छोट्या रेल्वेगाडीच्या लायनीवर गँगमनची नोकरी केली, आणि आता मोतीबिंदूनं त्यांना उजेड-अंधारापलीकडं फारसं काही दिसत नव्हतं. सासू मनकर्णा शोभाच्या लग्नानंतर वर्षभरात वारली. तेव्हापासून चूल शोभाचीच.

पोळ्याच्या सुमारास शोभा बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आधीच. मूल पोटातच गेलेलं होतं. आठवडा उलटायच्या आत ती चुलीपुढं बसली, आणि कापूस फुटल्यावर वेचायलाही जाऊ लागली. त्या मुलाबद्दल घरात कुणी शब्द काढला नाही. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. मग काढणार कोण?

भिवाजी आत खाटेवर बसले होते. डोळे गेल्यापासून घर त्यांना आवाजांवरून कळायचं. सून आली हे पावलांवरून कळलं होतं. त्यानंतर बादलीचा आवाज यायला हवा होता, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या मोडल्याचा यायला हवा होता. यातलं काहीच आलं नाही.

"सूनबाई, तब्येत ठीक नाही का वं?"

"ठीक आहे मामाजी. उठून राहिली."

भिवाजींनी वाट पाहिली. ती उठली नाही. मग तेच काठी घेऊन उठले आणि भिंत चाचपत परसात गेले. न्हाणीच्या पाण्यावर तिथं भेदरांची झाडं पसरली होती. टमाटराला त्यांच्या घरात भेदरंच म्हणायचे. कापसाच्या घाईत ती तोडायला कुणाला वेळ झाला नव्हता. कितीतरी खाली गळून मातीत मिसळली होती.

बऱ्याच वेळानं भिवाजी परतले आणि गमछ्याची गाठ त्यांनी शोभापुढं सोडली.

"पाह्य बरं. दाबून दाबून आनले, पन लाल किती आन हिरवे किती, मले काही समजून नाही राहिलं."

शोभानं पाहिलं. "दोन-तीन कच्चे आहेत."

"राहू दे. त्यानं आंबटपना येते."

ते चुलीकडं वळले तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. डोक्यावरचा पदर सावरत ती घाईनं म्हणाली, "मामाजी, काय करून राहिले तुमी?"

"सैपाक."

"नोको ना! लोक काय म्हणतीन? मी उठतो."

"लोकायले भूक लागली तं आपापल्या घरी जेवतीन. तू बस."

तिनं उठायचा प्रयत्न केला. अर्धवट उठली, दाराची चौकट धरली आणि पुन्हा खाली बसली. आतापर्यंत सासऱ्याशी तिचं बोलणं म्हणजे 'जेवाले वाढू का' आणि 'चहा ठेवला आहे' एवढंच. ती सरकत सरकत आतल्या उंबऱ्यापाशी आली आणि भिंतीला पाठ लावून त्यांच्याकडं पाहत राहिली.

भिवाजींनी राखेत हात घालून आधी निखारा शोधला. पऱ्हाट्या मोडून रचल्या, फुंकर घातली. धूर झाला, मग जाळ धरला. कढई कुठं असते हे त्यांना ठाऊक होतं, पण मीठ सापडेना.

"तुही सासू तं उजव्या हाताले ठेवे."

"खिडकीत आहे आता. हळद त्याच्याच बाजूले."

"आन लसन?"

"वरती, टोपल्यात."

लसणाच्या पाकळ्या त्यांनी पाट्यावर वरवंट्यानं ठेचल्या, सालासकट. हिरव्या मिरच्या मोडूनच टाकल्या. भेदरं चिरायच्या भानगडीत ते पडले नाहीत. एकेक मुठीत घेऊन थाळीत कुस्करलं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तेल तापलं की नाही हे त्यांनी कढईवर तळहात धरून पाहिलं, मग जिरं टाकून कान दिला. जिरं तडतडलं तसा लसूण गेला. लसणाचा वास घरभर पसरला आणि शोभाला एकदम कळलं की सकाळपासून आपल्या पोटात काही नाही.

"रामाकोन्याले गँगची खोली होती आमची," भिवाजी म्हणाले. "पावसाळ्यात लाइन पाहाले निघालो का घरी येनं नाही. पाळीपाळीनं रांधू आमी. माहा नंबर आला का गडी म्हने, भिवाजी, भेदरंच कर. कढीपत्ता नाही, काही नाही. मीठ, तिखट, लसन."

हळद-मीठ घालून त्यांनी कढईवर थाळी झाकली. "आता याले हात लावाचा नाही. आपल्याच पान्यात शिजते थे."

ते चुलीपुढं उकिडवे बसले. आत रटरट आवाज येत होता. शोभा पाहत राहिली. लोधीखेड्याला माहेरी होती तेव्हा आई चुलीशी असायची आणि ही अशीच भिंतीला टेकून बसायची. त्यानंतर असं टेकून बसून कुणाला आपल्यासाठी रांधताना तिनं पाहिलं नव्हतं. अंगातला थकवा कमी झाला नव्हता, उलट आता तो सगळा वर आला होता. पण त्याच्याशी झटायचं मात्र थांबलं होतं.

"पोरगी होती, मामाजी," ती म्हणाली.

भिवाजींनी मान वळवली. "काय म्हनली?"

"पोळ्याले... पोरगी होती ते."

पऱ्हाटी जळत जळत चुलीबाहेर आली होती, ती त्यांनी चाचपून आत ढकलली.

"मले कोनी सांगतलं नाही," ते म्हणाले. "श्रावन म्हने, राहिलं नाही. मी बी विचारलं नाही. सुनेले असं कसं विचारावं?" मग म्हणाले, "केस होते का तिले?"

"होते. लय होते."

"मनकर्नेचे होते तसे असतीन."

शोभानं तोंडाला पदर लावला. आवाज काढून ती रडली नाही. नुसतंच डोळ्यांतून पाणी येत राहिलं आणि तिनं ते पुसलंही नाही. भिवाजींना ते दिसत नव्हतं. पण श्वास ऐकू येत असावा, कारण ते उठले नाहीत, काही विचारलं नाही, आणि थाळी काढून भाजी हलवायलाही त्यांनी हवा त्यापेक्षा उशीर केला. भाजी खाली थोडी लागली.

"सांभार आहे का?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"माठापाशी जुडी आहे."

कोथिंबीर धुऊन, हातानंच तोडून त्यांनी वर टाकली. भाकरी त्यांना थापता येत नव्हती. ज्वारीचं पीठ मळून त्यांनी तव्यावर जाड रोट टाकले. कडेनं करपलेले, मधे जरा कच्चे. पहिलं ताट वाढून त्यांनी शोभापुढं सरकवलं.

"ते येऊ द्या ना आधी."

"थो येईन तवा येईन. तू खाय."

ती जेवली. मीठ किंचित जास्त पडलं होतं, लसणाची सालं दातात येत होती, करपल्याचा वास होता. पहिल्या घासालाच आंबटपणानं जबड्यात कळ उठली. पावसाळ्यापासून तिला कशाची चव अशी लागली नव्हती. तिनं दुसरा रोट मागून घेतला.

दिवा लावायच्या वेळेला श्रावण आला. पाइप फुटला म्हणून दिवसभर चिखलात उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. चुलीपाशी बाप आणि भिंतीशी जेवून बसलेली बायको पाहून तो दारातच थांबला.

"बाबा, हे काय चालू आहे?"

"हात धू आन बस."

तो बसला. अर्धं ताट संपवलं. भिवाजींनी त्याला आणखी वाढलं आणि विचारलं, "पोरीले कुठी ठेवलं रे?"

श्रावणचा हात ताटातच राहिला. त्यानं शोभाकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच पाहत होती.

"नाल्याच्या तिकडे," तो हळू आवाजात म्हणाला. "पळसं आहेत तथी. वरतून मोठा धोंडा ठेवला, कुत्रे..."

"मले काहून नाही सांगतलं?" शोभानं विचारलं.

"तू विचारलंच नाही. मले वाटलं, तू इसरली. लगेच कामाले लागली होती तू."

"कामाले नाही लागली असती तं चूल कोन पेटवत होतं?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात काही उरलंच नव्हतं. श्रावणनं ताट बाजूला केलं नाही की पुढचा घासही घेतला नाही.

"पंपावर मी तिकडूनच जातो," तो म्हणाला. "रस्ता लांब पडते तरी. जराशी सायकल थांबवतो."

थोड्या वेळानं भिवाजी म्हणाले, "जेव. थंडं होऊन राहिलं."

त्या दिवसापासून वेचणी संपेपर्यंत संध्याकाळची चूल भिवाजींनीच पेटवली. शेजारची अंबाबाई दारात उभी राहून हसायची. "सासऱ्याले चुलीपुढं बसवलं वं सुनेनं!" म्हणायची. मग एकदा तिनं वाटीभर भाजी नेली आणि लसूण कसा ठेचला ते विचारून गेली. श्रावण भाकरी शिकायला बसला, पण त्याची भाकरी तव्यावर जाईपर्यंत मोडायची. शोभा मात्र थकूनच यायची. ओटी सोडायची, पायरीवर बसायची. कधी कधी ताट पुढं येण्याआधीच तिचा डोळा लागायचा.

बाजाराच्या दिवशी वेचणीला सुट्टी होती. सकाळीच तिघं नाल्याकडं निघाली. नांगरलेल्या वावरातून भिवाजी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालले. पळसांपाशी धोंडा होता. भोवतीचं गवत बकऱ्यांनी खाल्लेलं होतं, बाकी काहीच नव्हतं. श्रावण थोडा मागं उभा राहिला. शोभानं धोंड्यावर हात ठेवला. तो उन्हानं अजून तापला नव्हता. तिनं वरची माती आणि लेंड्या पदरानं झाडल्या, मग तिथंच मांडी घालून बसली.

"किती वेळ झाला," काही वेळानं ती म्हणाली. "चला ना घरी. बाजार राहिला आहे, कपडे धुवाचे आहेत."

"बस थोडं," भिवाजी म्हणाले, आणि काठी बाजूला ठेवून तेही खाली बसले. मग श्रावणही बसला.