लावलेली कडी

"ही बघ, तिसरी हाय ही." बाळासोनं मेलेली तलंग कोंबडी गेटावरून आत धम्मपालच्या पायाशी टाकली. "तुझं कुत्रं काल दुपारी परत गल्लीत हुतं. माझ्या डोळ्यानं बघितलंय. आता बोलणं न्हाय. पुन्यांदा भाईर दिसलं की भज्यात औषध घालून टाकणार. मग माझ्या दारात रडत येऊ नकोस."

"बाळासोदादा, तलंग त्यानंच धरल्याली बघितलासा काय?"

"मग काय तोंडात धरल्याला फोटू काढून दिऊ तुला?" बाळासो समोरच्याच घरातला. दोन म्हशी, वीस कोंबड्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज. जाता जाता तो वळला. "गावभर लोकांची कुंपणं करतोस, आणि सवताच्या दारातलं कुत्रं अडवंना व्हय रं तुला? म्हातारा बिचारा रोज उनातानात त्येच्या मागनं पळतोय. त्येची तरी कीव कर."

हा शेवटचा घाव वर्मी लागला. धम्मपालचं उचगावच्या फाट्यावर फॅब्रिकेशनचं दुकान होतं. गेटं, खिडक्यांचे गज, जाळीची कुंपणं, सगळं तो स्वतःच्या हातानं करायचा, आणि त्याच्या कामात खोट काढणारा अजून जन्माला यायचा होता. पण गेल्या दोन महिन्यांत लोक दुकानापुढून जाताना मुद्दाम विचारायचे, "काय धम्मपाल, आज कुत्रं घरात हाय न्हवं?" आणि हसायचे. हसणं त्यानं एक वेळ सोसलं असतं. बाळासोची भजी मात्र थट्टेची नव्हती, कारण बाळासो बोलला की करायचा.

टिप्या शेवग्याच्या सावलीत पाय पसरून पडला होता. पांढरं अंग, कपाळावर तेवढा काळा ठिपका. त्याच्याकडे बघून कोणी म्हटलं नसतं की हे कुत्रं रोज पाच फुटी जाळी पार करून जातं.

धम्मपालनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? आधी वाटलं, खालून उकरून जातंय. म्हणून त्यानं जाळीच्या बुडाशी वीतभर चर खणून काँक्रीट भरलं. तरी टिप्या गल्लीत. मग वाटलं, वरून उडी मारतंय. म्हणून तीन फुटी जाळी पाच फूट केली, अँगल आत वाकवून त्यावर काटेरी तार ओढली. तरी टिप्या गल्लीत. साखळीनं बांधला, तर दुपारी त्याचे वडील, आबा, साखळी सोडून मोकळे. आणि संध्याकाळी येऊन बघावं तर कुत्रं आत, गेट बंद, कडी सरकवलेली, कडीच्या भोकातली खिट्टीसुद्धा जागच्या जागी. म्हणजे गेटाचा प्रश्नच नाही; जातंय ते वरून नाहीतर खालूनच, असा त्याचा सरळ हिशेब.

गेटाला बाहेरून कुलूप घालायचं त्यानं एकदा काढलं होतं. त्याची बायको निशा ताडकन म्हणाली होती, "आबांना कोंडून ठेवायचं? उद्या काय झालं तर म्हातारा माणूस कुठनं भाईर येईल?" निशा कोल्हापुरात एका दवाखान्यात आया होती. सकाळी नऊला जायची, पाचला यायची. दिवसभर घरात आबा आणि टिप्या, दोघंच.

आबा म्हणजे गणपती. उचगावात कोणालाही विचारा, गणपती म्हटलं की लोक म्हणायचे, "पाणी सोडणारा." तीस वर्षं त्यांनी गावाच्या नळाचे वॉल सोडले. छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे गावात आणि दुपारी माळावरच्या लाइनीवर. ज्या विहिरीवर त्यांच्या आईला घागर खाली ठेवून कोणी वरून पाणी ओतेल का म्हणून ताटकळत उभं राहावं लागायचं, त्याच गावाला त्यांनी तीस वर्षं आपल्या हातानं पाणी पाजलं. याचा त्यांनी कधी गवगवा केला नाही. त्यांचा नियम एकच होता: जे सोडलं ते बंद केल्याशिवाय माणसानं घराकडं वळायचं नाही. एकदा तर बहिणीच्या लग्नातून अक्षता पडायच्या आधी उठून ते वॉल बंद करायला गेले होते.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. नवी टाकी झाली, माळावरची जुनी लाइन बंद पडली. हल्ली आबा फार बोलायचे नाहीत. चहा घेतला तरी पुन्हा मागायचे, आणि निशा काही न बोलता पुन्हा अर्धा कप द्यायची. वय झालं की चालायचंच, असं दोघं म्हणायचे.

"आबा," धम्मपालनं तलंग उचलत विचारलं, "काल टिप्या भाईर कसा गेला?"

"कामावर गेलता की," आबा म्हणाले.

निशाला हसू आलं. धम्मपालला आलं नाही.

त्या दिवशी तो दुकानातून अँगल आणि जाड जाळी घेऊन आला आणि दोन तासांत शेवग्याखाली एक पिंजरा उभा केला. टिप्याला आत घातलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. टिप्या आधी गोंधळला, मग गजातून नाक बाहेर काढून आबांकडे बघायला लागला.

"ह्येला का कोंडलास रं धम्मा?"

"जीव वाचवायचाय त्येचा, आबा. भाईर गेला तर बाळासो औषध घालणार हाय."

आबांनी मान हलवली. समजल्यासारखी हलवली, म्हणून धम्मपाल निर्धास्त होऊन दुकानात गेला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याचं डोकं थंड झालं होतं.

दुपारी अडीचच्या सुमाराला सरनोबतवाडीचे एक पावणं आपलं गेट न्यायला आले. टेम्पोत चढवण्याआधी त्यांनी कडी चार वेळा मागंपुढं केली.

"जनावर नाकानं सरकवून काढंल न्हवं ही?"

"काढंल की एखादं हुशार जनावर," धम्मपाल म्हणाला. "म्हणून तर खिट्टी दिलीया. समजा खिट्टी निघाली, कडी सरकली, तरी तुमाला लगेच कळणार. कारण काढणारं जनावर परत लावून जात न्हाय. माणसाचाच हात लागतोय त्याला."

बोलता बोलता तो थांबला.

आपल्याच तोंडातलं वाक्य त्याला कोणीतरी कानफटात मारावी तसं लागलं. दोन महिने रोज संध्याकाळी कडी सरकवलेली आणि खिट्टी जागेवर. त्यानं जाळी वाढवली, काँक्रीट ओतलं, काटेरी तार ओढली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! कुत्रं कुंपणावरून गेलंच नव्हतं. ते गेटातून गेलं होतं, आणि त्याच्यामागं कोणीतरी गेट नीट लावून घेतलं होतं. बाहेर पडताना एकदा आणि आत आल्यावर एकदा. सोडलेलं बंद केल्याशिवाय न राहणारा त्या घरात एकच माणूस होता.

"पावणं, थांबा जरा," म्हणून त्यानं एम-ऐंशीला किक मारली. पैसे राहिले, हातमोजे हातातच राहिले.

घराच्या अलीकडं गल्लीतच त्याला टिप्याचं ओरडणं ऐकू आलं. भुंकणं नव्हतं ते, गळा काढून रडणं होतं. गेट बंद. कडी सरकवलेली. खिट्टी जागेवर. आत बाजेवर गोधडी, आबा नाहीत. घरात नाहीत, मोरीत नाहीत, मागं नाहीत. दाराआड कोपऱ्यात ती लांब चावी कायम उभी असायची. कोपरा मोकळा होता.

त्यानं खिशातली किल्ली काढून कुलपात फिरवली. पिंजरा उघडताच टिप्या त्याच्या पायातून सुटला आणि गेटापाशी जाऊन वळून बघत उभा राहिला. धम्मपालनं गेट उघडलं.

"सोडलंस व्हय?" बाळासो काठी घेऊन ओट्यावरून उतरलाच होता. "सकाळी मी काय बोललो..."

"दादा, आबा न्हाईत घरात! चावी घिऊन गेल्यात!"

बाळासोची काठी तशीच वर राहिली. "चावी? कसली चावी?" आणि मग त्याचा चेहरा उतरला. "आरं... रोज म्हातारं मागनं असतंय, कुत्रं पुढं. मला वाटायचं, हुडकत जातंय. आज एकटंच गेलं की रं. मी म्हटलं, चला, आज कुत्रं घावलंय म्हणून निवांत निघालंय."

"कुठं गेलं?"

"हायवेकडं."

माळावरची जुनी लाइन हायवेच्या पलीकडं होती. आबा नोकरीत होते तेव्हा तो एकेरी रस्ता होता. दोन गाड्या गेल्या की बैलगाडीसुद्धा आरामात पलीकडं जायची. आता चौपदरीकरण चाललं होतं. एकीकडं पुण्याच्या गाड्या, एकीकडं बेळगावच्या, मध्ये मुरमाचे ढीग आणि डंपर. टिप्या पुढं, मागं धम्मपाल, त्याच्यामागं धोतराचा सोगा धरून बाळासो. वाटेत कोणी काय विचारलं ते धम्मपालला ऐकूही आलं नाही. त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की कुलूप आपण लावलं. आपण आपल्या हातानं लावलं.

आबा दिसले. दोन रस्त्यांच्या मधल्या मुरमावर, चावी खांद्यावर घेऊन, ताठ उभे. अर्धा रस्ता कसा पार केला देव जाणे. दोन्ही बाजूंनी ट्रक सुसाट जात होते, आणि ते पाय उचलत होते, परत खाली ठेवत होते.

"आबा! हलू नका! तितंच थांबा!"

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही तो आवाज कोणाचा हे त्यांना कळलं नाही. पुन्हा एक पाय रस्त्यावर आला. डंपरचा भोंगा कानठळ्या बसवून गेला आणि धुरळ्यात आबा दिसेनासे झाले.

धुरळा खाली बसला. आबा उभेच होते.

टिप्या रस्त्याच्या कडेला येऊन थबकला होता. शाळेत शिकवल्यासारखा एकीकडं बघत राहिला. एक टँकर गेला, एक एसटी गेली, आणि मग तो सरळ चालत आबांपाशी जाऊन त्यांच्या पायाला चिकटून उभा राहिला. आबांनी खाली न बघता हात त्याच्या पाठीवर ठेवला. तेव्हा धम्मपालला कळलं, की या दोघांचा हा रोजचा रिवाज आहे. कुत्रं थांबलं की थांबायचं आणि कुत्रं निघालं की निघायचं. म्हाताऱ्याचे डोळे त्यानं पिंजऱ्यात कोंडले होते.

बाळासो टॉवेल फडकवत बेधडक रस्त्यात घुसला. "ए, थांबीव! थांबीव गाडी! म्हाताऱ्या माणसाला उडीवतोस व्हय रं?" त्याच्या आवाजानं ट्रकसुद्धा थांबले.

धम्मपालनं आबांचा दंड धरला. "चला घरी, आबा."

"घरी? उशीर झालाय," आबा चिडून म्हणाले. "माळावर बाया घागरी घिऊन बसल्या असतील." आणि दंड सोडवून ते पलीकडच्या रस्त्याकडं वळले. त्यांना ओढून नेण्याचं बळ त्याच्या हातात होतं. मनात नव्हतं.

वॉलचा खड्डा घाणेरीच्या झुडपात लपला होता. पण तिथवर पायवाट पडली होती, आणि लोखंडी झाकणाची एक कड रोज धरून धरून चकचकीत झाली होती. आबांनी झाकण सरकवलं, चावी आत सोडली आणि मोजत मोजत बारा फेरे दिले. पाइप पाच वर्षं कोरडा होता. त्यांनी कान देऊन ऐकलं, मग कपाळावर आठी घालून बाळासोकडं बघितलं. ओळख नव्हती त्या बघण्यात.

"ओ पावणं, आलं काय बघा जरा पाणी."

एका तलंगेसाठी गल्ली डोक्यावर घेणाऱ्या बाळासोनं टॉवेल तोंडावरून फिरवला. "आलं, आबा," तो म्हणाला. "लई जोरात आलंय."

आबा समाधानानं दगडावर बसले. अर्धा तास बसावं लागतं म्हणाले. मग तिघं बसले, टिप्या चौथा. अर्ध्या तासानं आबांनी बारा फेरे उलटे दिले, झाकण लावलं, पायानं दाबून बघितलं, आणि सगळे घराकडं निघाले.

त्या रात्री बाळासोच्या घरून टिप्याला भाकरी आली. तलंगेचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

निशानं सगळं ऐकून घेतलं. सकाळी तिनंच ट्रंकेतलं मोठं कुलूप काढून धम्मपालच्या हातात दिलं. "समोरच्या वहिनींकडं एक किल्ली ठेवू या," एवढंच म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

त्यानं पिंजरा कापून काढला आणि त्याच अँगलचा कोयंडा करून गेटाला जोडला. आबा शेजारी उभं राहून काम बघत होते. टिप्या त्यांच्या पायाशी होता. निशा बाहेर गेली, धम्मपाल बाहेर आला, आणि त्यानं कुलूप लावलं. आतून आबांनी गजातून हात घातला. कुलूप एकदा ओढून बघितलं. पुन्हा एकदा ओढून बघितलं, वॉल बंद केल्यावर बघायचे तसं.

"चांगलं लागलंय," ते लेकाला म्हणाले. "जा तू कामावर बिनघोर. आता कुत्रं काय भाईर जात न्हाय."