वर्षभराची जबान

कांद्याच्या धंद्यात सगळं वाईट संध्याकाळी घडतं. ट्रक पंक्चर होणं, भाव पडणं, आवक वाढणं हे सकाळचे उद्योग, ते माणूस निभावून नेतो. पण निर्यात बंद झाल्याची बातमी यायची ती दिवेलागणीला, ऑफिसांना कुलपं लागल्यावर, म्हणजे फोन करून चार शिव्या घालायच्या तरी कोणाला, हाही प्रश्नच. त्यामुळे इद्रीसभाई धनसे सांजेची मगरिबची नमाज झाली की मोबाईल उशीखाली ढकलून देत. एवढ्याने बातमी टळते असं नाही. माणूस दमला की असल्या गोष्टी करतो.

तुर्भ्याला, मार्केटच्या मागच्या बाजूला, त्यांची शेड होती. निफाडकडून कांदा यायचा, शेडमध्ये बायका तो निवडायच्या, जाळीच्या पिशव्यांत भरायच्या आणि कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे रवाना व्हायचा. तिथून दुबई. दुबईत हा कांदा उतरवून घेणारा बासित हा इद्रीसभाईंच्याच म्हसळ्याकडच्या गावातला, त्यांच्याहून लहान. अर्धं आयुष्य दोघांनी फोनवर व्यवहार केला होता. "बासित, बुधवारी लावतो," एवढं इद्रीसभाईंनी म्हणायचं आणि बासितने पुढच्या आठवड्याचा माल हॉटेलवाल्यांना विकून मोकळं व्हायचं. कागद मागाहून व्हायचे, तेही बंदरवाल्यांच्या समाधानासाठी.

तो बासित आज शेडवर येणार होता. नेरूळला नात्यातलं लग्न होतं, त्यासाठी तो आला होता, आणि लग्नाच्या गर्दीतच त्याने इद्रीसभाईंना बाजूला घेऊन म्हटलं होतं, "भाई, उद्या शेडवर येतो. बोलू." कशाबद्दल बोलायचं ते दोघांनाही ठाऊक होतं. निर्यात पुन्हा सुरू होऊन बरेच महिने लोटले होते, पण बासितचा कंटेनर काही सुरू झाला नव्हता. बाकीची छोटी गिऱ्हाइकं केव्हाच पांगली होती; इथल्याच मार्केटला थोडा माल विकून शेड कशीबशी तगली होती, आणि आजचा ढीग बासितच्या आशेवर निवडायला घेतला होता. बासितने आज हो म्हटलं तर शेड चालणार होती. नाही म्हटलं तर इद्रीसभाई महिनाअखेर शेडची किल्ली मालकाला देणार होते, आणि आत मांडी घालून बसलेल्या बायकांना घरी जायला सांगणार होते. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पण बायकांना सांगावं लागत नाही. त्या दिवशी सगळ्याजणी वेळेआधी आल्या होत्या आणि मुक्ताबाईंनी तर शेडचा दरवाजा पाण्याने धुऊन काढला होता, जणू बासित मुलगी बघायलाच येणार होता.

मुक्ताबाई या निवडणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, बिऱ्हाड कोपरखैरण्याला. इद्रीसभाईंची शेड उघडली त्या वर्षापासून त्या इथे होत्या. कांदा निवडण्याची त्यांची एक रीत होती. आधी मानेवर अंगठा दाबायचा. मान जाड आणि ओली असली तर कांदा बाजूला, तो वाटेतच नासणार. मग दोन कांदे कानाशी नेऊन एकमेकांवर घासायचे. साल नीट वाळलेली असली की ती वर्तमानपत्रासारखी वाजते. सगळ्या बायका असंच करत, त्यामुळे शेडमध्ये दिवसभर कोणीतरी पेपर चाळत बसल्यासारखा आवाज असे. त्या आवाजाची इद्रीसभाईंना इतकी सवय झाली होती की सुटीच्या दिवशी घरी त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

आता घडलं होतं ते असं. मागे निर्यात एकाएकी बंद झाली तेव्हा त्यांचे कंटेनर बंदराच्या दारातून परत आले. आतल्या कांद्याला कोंब फुटले. त्याचं दुःख झालंच, पण त्याहून मोठी लाज वाटली ती बासितला दिलेल्या शब्दाची. "बुधवारी लावतो" म्हटलं होतं आणि बुधवार आला आणि गेला. तिकडे बासितची गिऱ्हाइकं रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेली. बासित फोनवर रडकुंडीला आला, म्हणाला, "भाई, इजिप्तचा माल मिळतोय, पण कसला निवडतात, अर्धा सडका निघतो. हॉटेलवाले तोंडावर फेकतील माझ्या." आणि इथे इद्रीसभाईंनी ते केलं, जे फक्त शब्दाला जागणारा खुळा माणूसच करील. ते म्हणाले, "दोन महिने त्यांचा घे. कसा निवडायचा ते आमी शिकवतो त्यांना."

आणि खरोखरच शिकवलं. रोज दुपारी मोबाईल कांद्याच्या ढिगावर टेकवून ठेवायचा. पलीकडे इजिप्तमधली कुठलीशी शेड, डोक्याला फडकी बांधलेल्या तिथल्या बायका, मध्ये दुबईहून बासित, तो मराठीचं अरबी करायचा. मुक्ताबाई अंगठा दाबून दाखवत. कांदे कानाशी घासून दाखवत. निवडल्यावर माल एक रात्र वाऱ्याला पसरून ठेवायचा, मगच भरायचा, हेही दाखवलं. मुक्ताबाईंना भारी मौज वाटे. परदेशातल्या बायका आपल्याकडून शिकतात म्हणून त्या नवं लुगडं नेसून यायच्या. आमच्या इद्रीसभाईंनाही वाटे, बघा, संकटात गिऱ्हाईक सांभाळलं ते असं.

घरी हे ऐकून त्यांच्या पत्नी, बतूलबी, भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाल्या होत्या, "सवतीला सैपाक शिकवून आलात." इद्रीसभाई तेव्हा हसले होते. बतूलबींना धंद्यातलं काही कळत नाही असं त्यांचं लग्नापासूनचं मत होतं आणि ते त्यांनी वेळोवेळी पदरमोड करून जपलं होतं.

बासित उन्हं चढल्यावर आला. अंगाला अत्तर, हातात खजुराचा डबा. शेडमध्ये शिरताना त्याने मुक्ताबाईंना अदबीने सलाम केला, बायकांची विचारपूस केली. ऑफिस म्हणजे शेडच्याच कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून केलेली खोली. दोघे तिथे बसले. लग्नातल्या बिर्याणीबद्दल बोलणं झालं. गावातल्या मशिदीच्या नव्या छपराबद्दल झालं. दोघांच्याही गुडघ्यांबद्दल झालं. मग बासितने बॅगेतून कागदात गुंडाळलेले तीन कांदे काढून टेबलावर ठेवले.

"दुबईहून आणलेस?" इद्रीसभाई म्हणाले. "कांदा? हिंदुस्तानात? उलटी गंगा झाली रे ही."

"एअरपोर्टवर कोणी बॅग उघडली असती तर मला वेड्यात काढलं असतं," बासित हसत म्हणाला. पण ते हसणं फार वेळ टिकलं नाही.

इद्रीसभाईंनी एक कांदा उचलला. अंगठा आपोआप मानेवर गेला. बारीक, कडक. दुसरा उचलून दोन्ही कानाशी नेले. छान वाजले. नासका नाही, डाग नाही, आकार एकसारखा. "हा आपला कुठल्या खेपेचा?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं की आपली तर कित्येक महिन्यांत खेपच गेलेली नाही. त्यांनी कांदे खाली ठेवले. 

"मिसरचा आहे," बासित म्हणाला. इजिप्तला तो अरबांसारखं मिसरच म्हणे. "चव आपल्याएवढी नाय, खोटं कशाला बोलू. पण निवडतात बराबर. तुमीच शिकवलंत."

 पलीकडून बायकांच्या हातातल्या सालींचा आवाज येत होता.

"भाव त्यांचा कमी आहे काय?" इद्रीसभाईंनी विचारलं.

"भावाचं नाय, भाई. मालाचंही नाय." बासितने खुर्ची पुढे ओढली. "हॉटेलवाला मला आज विचारतो, दिवाळीत देशील? रमजानमध्ये देशील? त्याचं मेनूकार्ड छापून होतं. मी हो कोणाच्या भरोशावर म्हणू? इथं कांदा महागला की दार बंद. कांदा सडायला लागला की दार उघडं. मधेच शुल्क. दारवाल्याची मर्जी. गिऱ्हाईक किती वेळा दारात उभं राहील?"

यात खोटं काहीच नव्हतं आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. इद्रीसभाईंच्या मनात आलं, म्हणावं, अरे, इथल्या माणसालाही कांदा परवडायला हवा की नको. पण पिकवणारा रडतो, खाणारा रडतो आणि दोघांच्या मधला मार खातो, हे भांडण बासितशी भांडून काय उपयोग. आणि खरं सांगायचं तर भांडायची ताकदच उरली नव्हती.

"पण मी तुमचा कंटेनर सोडायला आलो नाय," बासित म्हणाला. "मी तुमच्या जबानीवर अर्धी जिंदगी धंदा केला. आजही करीन. तुमी फक्त एवढं म्हणा, बासित, वर्षभर देईन. काय वाटेल ते होवो, देईन. कागद नको, काय नको. म्हणा, मी आत्ता इथूनच फोन लावतो."

झालं. एवढंच म्हणायचं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर फोनवर शब्द दिले, त्याला आणखी एक द्यायला काय जड. प्लायवूडच्या फटीतून मुक्ताबाई दिसत होत्या, निवडता निवडता इकडेच बघत. एक शब्द, आणि बुधवारी कंटेनर लागला असता. पुढे दार बंद झालं असतं तर बासितला म्हणता आलं असतं, सरकारचं काय करणार बाबा. सगळेच तसं म्हणतात. इद्रीसभाईंच्या ओठांवर "हो" येऊन बसलं होतं, हे त्यांनी नंतर बतूलबींपाशी कबूल केलं.

"नाय देऊ शकत," ते म्हणाले.

बासितने फोन लावायला हातात घेतलेला मोबाईल खाली ठेवला.

"आठवड्याचं सांगतो. पुढच्या बुधवारचं सांगतो. वर्षभराचं मी कोण सांगणार? माझा देश आहे, रे, पण दार माझ्या हातात नाय. तुला हो म्हटलं तर तू तिथं दहा जणांना हो म्हणशील. मग एका संध्याकाळी तुलाही माझ्यासारखं बसावं लागंल."

बासितचे डोळे ओले झाले. भाईंनी हो म्हणावं असंच आपल्याला वाटत होतं, हे त्याने कबूल केलं. मग त्याने सुचवलं, मिसरच्या हंगामाला तुम्ही या, देखरेख करा, त्यांना तुमच्यासारखा माणूस हवाच आहे. मुक्ताबाईंनाही आणा, पासपोर्टचं मी बघतो. इद्रीसभाईंनी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात मुक्ताबाई चहा घेऊन आत आल्या. कप ठेवताना त्यांची नजर टेबलावर गेली. त्यांनी एक कांदा उचलला, मान दाबली, दुसऱ्यावर घासला.

"ब्येस निवडलाय," त्या म्हणाल्या. "ह्यो कुठल्या गाडीतला म्हनायचा? आपल्या बायांनी एवढा एकसारखा कवा काढला?"

बासितने चहाचा कप ओढून घेतला. शेवटी इद्रीसभाई म्हणाले, "आपल्या बायकांनी नाय काढला, मुक्ताबाई. तुमी त्या मोबाईलवर शिकवायचात ना, त्या बायकांनी."

मुक्ताबाईंनी कांदा उलटसुलट करून पुन्हा पाहिला. तोंडावर आधी कौतुकच आलं, शिकवणाऱ्याला येतं तसं. मग ते हळूहळू उतरलं.

"त्यांचं काम वरीसभर चालू अस्तंय व्हय?"

"हो."

"आन् आपला कंटेनर?"

इद्रीसभाईंनी बासितकडे पाहिलं नाही. "नाय लागणार आता."

"आमी कुठं कमी पडलो का शेठ?"

"कुठंच नाय."

"मंग बरं," मुक्ताबाई म्हणाल्या. यात बरं काय होतं ते त्यांनाच ठाऊक. कांदा जागेवर ठेवून, पदराला हात पुसून त्या बाहेर गेल्या. ढिगापाशी उभ्या राहून त्यांनी आवाज चढवला. "बायांनो, निवडू नका गं. समदा माल हितल्याच मार्केटला जायाचा हाय. बारका-मोठा एकातच भरा."

बायकांनी माना वर केल्या.  पिशव्या ओढल्या आणि कामाला सुरुवात केली. इद्रीसभाई दाराशी येऊन उभे राहिले. हात चालले होते, पण अंगठा प्रत्येक कांद्याच्या मानेवर जातच होता. दोन कांदे कानाशी जातच होते. ओल्या मानेचे एका बाजूला पडत होते, आणि शेडमध्ये तोच पेपर चाळल्याचा आवाज भरून राहिला होता. मुक्ताबाईंनी पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मग त्याही ढिगापाशी बसल्या, एक कांदा उचलला, आणि तो कानाशी नेला.