पिशवीतल्या चार वस्तू

“काका, नवा डाव तुम्ही याच लॅपटॉपवर सुरू केलात?”

दुरुस्तीवाल्या बाईने मान वर न करता विचारलं.

“हो. सरावासाठी.”

“सरावासाठी.” तिचे हात थांबले. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला, जसं काही मला त्यातलं ओ की ठो कळणार होतं. “या खेळात पिशवी एकच असते, काका. नवा डाव मांडला की जुनी पिशवी पुसली जाते. तुमच्या मुलीची गेली आणि तिच्या जागी तुमची बसली. वर महिनाभर तुम्ही खेळताय. त्याच जागेवर कितीदा लिहिलं गेलं असेल! खाली काही उरत नाही हो.”

“एकदा कोपऱ्याकापऱ्यात बघा ना.”

“दोनदा बघितलं. तुम्ही समोरच तर बसलाय.”

बाई चांगली होती. तिने पाणी दिलं, मी ते प्यायलो. दुसरं करणार काय?

मी चष्म्याच्या काचा घासतो. तीस वर्षं तेच करतोय. यंत्र नवं असो की नंबर अवघड असो, आधी टाकाऊ काचेवर हात बसवायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या काचेला हात लावायचा. दुकानातली मंडळी हसतात. “हे ताकसुद्धा फुंकून पितात,” म्हणतात. हसू देत. तीस वर्षांत माझ्या हातून एकही चष्मा चुकीच्या नंबरचा गेलेला नाही. चष्मा डोळ्यांवर चढवून मी एवढंच विचारतो, “स्पष्ट दिसतंय ना?” समोरचा हो म्हणाला की माझं काम झालं.

आमच्या मुलीला आम्ही मुंगी म्हणायचो. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ. पुढे रक्ताचा आजार निघाला आणि तिची दोन वर्षं खाटेवर गेली. तेव्हा तिला या खेळाचं वेड लागलं. कुणी दोघं भाऊ-बहीण घरी बसून तो बनवतात. दर सहा महिन्यांनी एक भाग, असे एकूण पाच. मारामारी नाही, गोळीबार नाही. एका गल्लीतली माणसं एकेक करून घर सोडून जातात आणि एक बाई मागून येऊन घरांना कुलपं लावते. बस, एवढंच. प्रत्येक भागात एक घर. कुलूप लावायच्या आधी त्या घरातली एकच वस्तू तिने आपल्या पिशवीत टाकायची. पिशवीत परत डोकावता येत नाही. ती उघडते थेट पाचव्या भागात.

“त्या कुलूपवालीला दुसरा धंदा नाही का?” मी चिडवायचो.

“तुम्ही तरी काय करता? काचाच घासता ना?” ती म्हणायची. जिभेला कधी ताप आला नाही तिच्या.

नवा भाग आला की आमच्या घरात तिचा शब्द शेवटचा. मी शेजारी बसून सगळं बघायचं, पण वस्तू निवडायची वेळ आली की, “बाबा, तोंड भिंतीकडे!” तिच्या आईलाही तोच नियम. ही हातात ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि म्हणायची, “काय ते लवकर घे बाई, जेवण गार होतंय.” चार भाग असे झाले. चार वस्तू तिने पिशवीत टाकल्या आणि आम्ही दोघांनी चारही वेळा भिंत बघितली.

शेवटी शेवटी मी विचारलं होतं. आवाज कोरडा ठेवून विचारलं, “काय काय घेतलंस गं? सांग की.”

“पाचवा भाग खेळा म्हणजे कळेल,” ती म्हणाली. “मी नसले तरी खेळायचा. आईला घेऊन. कबूल?”

“कबूल.”

ती गेल्याला आठ महिने झाले. ही रडली नाही. लोक भेटायला आले तेव्हा नाही, खाट उचलून नेली तेव्हाही नाही. त्या खोलीत पाऊल टाकत नाही आणि माझ्याशी बोलते ते मिठासाबणापुरतं. मला वाटायचं, पाचवा भाग येऊ दे. पिशवी उघडेल, पोरीने आमच्यासाठी ठेवलेलं काहीतरी बाहेर येईल आणि हिच्या आत जे दगड होऊन बसलंय ते हलेल. त्या एका आशेवर मी दिवस ढकलत होतो.

आणि म्हणूनच मी सराव केला. मला साधं दार उघडायलाही जमत नव्हतं, कुलूपवाली आपली भिंतीवर धडका मारायची. ऐन वेळी माझ्या हातून घोळ होऊन पोरीची पिशवी सांडली तर? तेव्हा पहिल्यापासून चारही भाग खेळून हात बसवायचा असं ठरवलं. माझ्या डोक्यात ही टाकाऊ काच होती. खरी काच आपली कपाटात सुरक्षित. प्रत्येक घरात समोर येईल ती वस्तू उचलली. सरावाला कोण निवडत बसतंय? सुरुवातीला पडद्यावर काहीतरी विचारलं होतं, मी ‘हो’ दाबलं. गिऱ्हाइकाची चिठ्ठी दोनदा वाचणारा मी, ते एकदाही वाचलं नाही!

लांबत लांबत काल एकदाचा पाचवा भाग आला. कुलूपवाली पिशवी खांद्याला लावून गल्लीत उभी राहिली, आणि पिशवीच्या तोंडातून छत्रीच्या काड्या बाहेर आलेल्या दिसल्या. कापड नसलेली छत्री. पहिल्या घरातून मीच उचललेली. आज लॅपटॉप घेऊनच कामावर गेलो आणि तिथून तडक दुरुस्तीवाली गाठली.

दुरुस्तीच्या दुकानातून घरी आलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. काखेत लॅपटॉप होता. हिला काय सांगायचं ते रस्ताभर जुळवत आलो होतो. सरळ सांगायचं, माझ्या हातून गेली, संपलं. पण दारातच ही म्हणाली, “तो पाचवा भाग आलाय ना? कॅलेंडरवर तुम्ही खूण केलेली बघितली मी.”

“आलाय, पण...”

“तिला कबूल केलं होतंत ना? मग लावा.”

आणि ती त्या खोलीत जाऊन बसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. भेकड म्हणा, काहीही म्हणा.

तासाभराने कुलूपवाली गल्लीतल्या शेवटच्या घरात पोचली. ते तिचं स्वतःचं घर होतं. तिने पिशवी उघडली आणि एकेक वस्तू खिडकीत मांडली. छत्रीच्या काड्या. बरणी नसलेलं झाकण. लहान मुलाचा एकच बूट. पेन्सिलीचा तुकडा.

ही पुढे सरकली.

“झाकण बघा,” ती म्हणाली. “एका डब्याला झाकण सापडायचं नाही पोरगी घरात असली की. किती ओरडायचे मी!” मग तिचं लक्ष बुटाकडे गेलं आणि आवाज बदलला. “अगं बाई. अहो, हा बूट... चार वर्षांची होती. बसमध्ये एक बूट पाडून आली होती. मी मारलं होतं तिला, आठवतंय? भर रस्त्यात मारलं. एवढ्याशा जिवाला.”

“आठवतंय.”

“आणि तिने तोच घेतला हो. राग असता तर घेतला असता का? सांगा ना, घेतला असता?”

खरं सांगायची ती शेवटची वेळ होती.

“नसता घेतला,” मी म्हणालो.

मग ती रडली. आठ महिन्यांचं एकदम रडली, माझा दंड धरून. पोरीला हाका मारत होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होतो आणि मला स्वतःला रडता येत नव्हतं. मुंगीने त्या चार घरांतून काय उचललं होतं ते आता जगात कोणालाही कळणार नव्हतं, आणि हे फक्त मला माहीत होतं. तो बूट दाराजवळ पडलेला होता म्हणून मी उचलला होता.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. “छत्री तुमची असणार. वाऱ्याने उलटी व्हायची ती. पण पेन्सिल कशाला घेतली असेल?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कानामागे हात नेला. दुकानातली पेन्सिल तिथेच होती, घरी येताना काढायची राहिलेली.

“ही असेल,” मी म्हणालो.

“हो की!” ती म्हणाली. चक्क हसली.

पडद्यावर कुलूपवाली हातात कुलूप घेऊन दारात उभी होती. एक कळ दाबली की दार बंद आणि खेळ संपला.

“एवढ्यात लावू नका,” ही म्हणाली.

मी बोट बाजूला घेतलं. तिने चष्मा काढला, बाहीला नीट पुसला, परत घातला आणि खिडकीकडे बघत बसली. त्या काचा मीच घासलेल्या. तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, “स्पष्ट दिसतंय ना?”

“हो,” ती म्हणाली. “आता दिसतंय.”