रांगेत शेवटची

मावशींच्या पाळणाघरात मुलं बारा आणि पाणी चार कळशा. हे गणित ज्याला सोडवायचं असेल त्याने खुशाल सोडवावं. मावशींनी ते पंचवीस वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलं होतं. वस्तीचा नळ उताराच्या पायथ्याशी, पाणी सकाळी जेमतेम तासभर, आणि मावशींची खोली चढाच्या अगदी टोकाला. पहिली कळशी पिण्याची, उकळून झाकलेली. दुसरी स्वयंपाकाची, तिसरी धुण्या-पुसण्याची. चौथी हातांची. जेवणाआधी ती निळ्या घमेल्यात रिकामी व्हायची, शेजारी साबणाची वडी आणि समोर मुलांची रांग.

हात धुतल्याशिवाय मावशींकडे कुणाला घास मिळत नसे. एकदा एका पोराचा बाप दुपारी येऊन तसाच त्याला भरवायला बसला, तर मावशींनी त्यालाही उठवून रांगेत उभा केला होता. गडी मुकाट्याने उभा राहिला. मावशींपुढे भल्याभल्यांचं काही चालायचं नाही.

रांगेचा क्रमही ठरलेला. नवी, परक्या घरची मुलं पुढे. ओळखीपाळखीची त्यांच्यामागे. शेजारणीची जुळी त्यांच्याही मागे, आणि सगळ्यात शेवटी मावशींची स्वतःची नात, तीन वर्षांची चिमी. दुसऱ्यांची मुलं सांभाळायची, तर कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हा मावशींचा बाणा. खाऊ, खेळणी, पंख्याखालची जागा, सगळ्यात चिमीचा नंबर शेवटचा. "बाई सरळ आहे हो," असं लोक म्हणायचे आणि मावशींना ते ऐकायला आवडायचं. कुणाला नाही आवडत?

पण चिमी सारखी आजारी पडायची. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जुलाब झाले, तेव्हा पोर इतकी मलूल झाली की रडायलाही कंटाळली. मावशी मांडीवर घेऊन तिला चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिल्या. चिमीची आई, मावशींची एकुलती एक लेक, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनवर बसायची. चिमी बरी झाल्यावर तिला सोडायला आली, ती दारातच थांबली.

"आई, आता ही पुन्हा आजारी पडली ना, तर मी हिला इथे ठेवणार नाही. कारखान्याच्या फाटकाशी एक पाळणाघर आहे, तिथे नेईन."

"तिथल्या बायका काय माझ्यापेक्षा जास्त करणार आहेत हिचं?"

"नसतील करत. पण पोर धड तरी राहील."

मावशींच्या ते जिव्हारी लागलं. दिवसभर त्या भांड्यांवर राग काढत राहिल्या. चिमीशिवायची खोली त्यांनी मनात आणून पाहिली आणि लगेच झटकून टाकली. बाकीची अकरा होती की. पण अकरांनी ती जागा भरणारी नव्हती, हे त्या कुणाला बोलून दाखवणार नव्हत्या इतकंच.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. वस्तीत जुलाबाचे रोगी वाढले होते, म्हणून त्या वही घेऊन घरोघर फिरत होत्या. मावशींनी त्यांना झाकलेली पिण्याची कळशी दाखवली, घासून लख्ख केलेली ताटं दाखवली. दाखवण्यासारखं बरंच होतं. "आणि हात?" नर्सबाईंनी विचारलं.

"आता बघाच," मावशी म्हणाल्या आणि टाळी वाजवली. बारा मुलं आपापल्या जागी रांगेत उभी. पहिलीने घमेल्यात हात बुडवले, साबण लावला, पुन्हा बुडवले. मग दुसरा. मग तिसरी. मावशी कौतुकाने बघत होत्या. नर्सबाई एकदा वहीत बघायच्या, एकदा रांगेकडे. रांगेच्या पुढच्या टोकाच्या मुलांपुढे वहीत जुलाबाची एकही खूण नव्हती. जुळ्यांपुढे दोन-दोन होत्या. चिमीपुढे तीन.

चिमीची पाळी आली तेव्हा नर्सबाईंनी तिचा हात अलगद धरून ठेवला. "मावशी, हिच्याऐवजी तुम्ही घालता का हात?"

मावशींनी घातला. पाणी राखाडी झालं होतं, वर साबणाचा चिकट फेस, तळाशी माती. अकरा मुलांनी अंगणातून, मोरीतून, नाका-तोंडातून जे जे आणलं ते सगळं त्यात उतरलं होतं.

"साबण असतो की त्यात," मावशी म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. मावशी हुशार होत्या, दुसऱ्यांदा सांगायची गरज पडली नाही. जे जितकं जवळचं, तितकं मागे. आणि जितकं मागे, तितकं घाण पाणी. त्यांनी घमेलं बाजूला ओढलं आणि तिथेच बसल्या.

नर्सबाई त्यांच्याशेजारी बसल्या. "धुवायची सवय तुम्ही लावलीत, ती सोन्यासारखी आहे. फक्त पाणी वाहतं हवं. बारीक धार पुरते."

त्या दिवशी पिण्याच्या कळशीत उरलेलं पाणी मावशींनी स्वतः चिमीच्या हातांवर तांब्याने ओतलं. मुलं जेवून झोपल्यावर त्या शेजारच्या प्लंबरकडे गेल्या. तो म्हणाला, "मावशी, सगळ्या वस्तीच्या पिंपांना मी तोट्या बसवतो, माझ्याच घरातली गळते. तुमची गळणार नाही, शब्द देतो." त्याने एका रिकाम्या कॅनला बुडाशी भोक पाडून तोटी बसवली, कॅन स्टुलावर ठेवला, खाली घमेलं. चौथी कळशी रिकामी झाली होती, म्हणून तिसरी त्यात ओतली. मुलं उठल्यावर बारीक धारेने बारा जणांचे हात धुऊन पाहिले, तर पाणी उरलं.

संध्याकाळी आया मुलांना न्यायला आल्या. नवा कॅन बघून शेजारीण म्हणाली, "अगंबाई, नर्सबाईंनी दिला वाटतं?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. मावशींच्या ओठावर आलंही होतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "तुझी जुळी माझ्यामुळे आजारी पडत होती. एकाच पाण्यात सगळ्यांचे हात बुचकळत होते मी. मागच्यांना पुढच्यांची घाण. माझी चूक आहे."

शेजारणीचा चेहरा उतरला. "मावशी, मी शेजारपाजाऱ्यांना दोष देत होते," एवढंच ती म्हणाली आणि जुळ्यांना घेऊन निघून गेली. उद्या ती येईल की नाही, मावशींना सांगता आलं नसतं. बाकीच्याही एकेक करून गेल्या.

लेक राहिली. चिमी तिच्या कडेवर होती. ती घमेल्याकडे बघत उभी होती.

"आई, मीही शेवटीच असायचे ना?"

चिमीच्या वयाची असल्यापासून लेक याच खोलीत, याच रांगेत उभी राहत आली होती. पुढे वर्षानुवर्षं.

"मला वाटायचं, तुला बाकीची मुलं जास्त आवडतात," लेक म्हणाली. "दुखायचं पोट, पण मी सांगायचे नाही. तू म्हणशील, नाटकं करते."

"मी तसंच म्हणाले असते," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "तुझ्याइतकं मला कुणीच आवडत नव्हतं गं. लोकांना ते दिसू नये म्हणून धडपडत होते. लोकांना नाही दिसलं, आणि तुलाही नाही दिसलं."

लेकीने चिमीला खाली ठेवलं आणि पदराने आईचे डोळे पुसले, जरा जोरातच.

"उद्या कारखान्यात लवकर जायचंय मला," ती म्हणाली. "हिला सातलाच आणून सोडते. उठलेली असशील ना?"