बारीक आवाज कुठे गेला, साहेब?

साहेब, तुम्ही कागदावर खोटं लिहिलंत. ‘कान ठीक, कामास लायक’ असं लिहून खाली सही ठोकलीत आणि माणसाला परत कारखान्यातल्या प्रेसवर उभं केलंत. त्याचे कान ठीक नव्हते. हे उघडकीला आलं ते माझ्यामुळे, म्हणून तर तुमच्या कपाटाच्या खालच्या खणात मी चार वर्षं पडून आहे. आता बोलतो. माझं आणखी काय वाकडं करणार तुम्ही?

मित्रांनो, मी एक जुना क्रॉसओव्हर आहे. नाव मोठं, पण रूप काहीच नाही. हाताच्या पंजाएवढी लाकडी फळी, तिच्यावर तांब्याच्या तारेच्या कॉइली, काही कंडेन्सर आणि एक पांढरा रेझिस्टन्स. मी स्वतः वाजत नाही. मी वाटणी करतो. ॲम्प्लिफायरमधून ढोल, माणसाचं बोलणं, टाळ असं सगळं एकात एक माझ्याकडे येतं. जाड आवाज मी मोठ्या स्पीकरकडे धाडतो, मधला मधल्याकडे, आणि अगदी बारीक तो ट्वीटरकडे, म्हणजे वाटीएवढ्या चिमुकल्या स्पीकरकडे. वाटणी चुकली तर मोठा घोगरतो आणि लहान जळून जातो. ज्याला जेवढं झेपतं तेवढंच त्याला द्यायचं, हा माझा धर्म. कारखान्यात हा धर्म कुणी पाळल्याचं मी ऐकलं नाही.

माझा जन्म उल्हासनगरातला. टेकचंदशेठचं ॲम्प्लिफायर-स्पीकरचं दुकान होतं. त्यांच्यासाठी इंदुबाई घरी बसून कॉइली गुंडाळायच्या. एकेक वेढा मोजायचा. मध्येच कुणी बोललं की मोजणी चुकायची आणि तार सोडून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून त्यांच्या घरात दुपारभर सगळे एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. अशा शांततेत मी घडलो. पुढे नशिबात काय आलं ते ऐका.

मला विकत घेतलं हिरामणने. मूळचा चामटोलीचा, अंबरनाथच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर नऊ वर्षं काम, राहायला बुवापाड्यात एक खोली. पत्रा प्रेसखाली सरकवायचा, दाब पडायचा, धडाम! दिवसभर तेच. घरी आल्यावर मात्र त्याला चांगला आवाज हवा असे. जुना व्हीसीआर आणला, प्लायवूड कापून स्वतः खोके ठोकले. मोठा खोका जाड आवाजाचा, तो कोपऱ्यात. लहान खोका टीव्हीखाली, त्यात मधला स्पीकर आणि ट्वीटर. दोघांच्या मध्ये मी.

तो मोठा खोका बसवताना काय तमाशा झाला! कोपऱ्यात ठेवला तर घरभर नुसतं घूंऽऽ, मांडणीवरची भांडी थरथरायची. दाराशी आणला तर आवाजातली जाडीच गायब. हिरामण खोका अर्धी वीत सरकवायचा आणि मग कुठे आवाज भरतो, कुठे विरतो, ते शोधत खोलीभर वाकून हिंडायचा.

“अहो, खोका मधोमध नि मी मोरीत,” त्याची बायको चांगुणा म्हणायची, “असंच राहायचं का आता?”

शेवटी जागा सापडली. रविवारी पिक्चर लागला की खोलीत पाय ठेवायला जागा नसे. शेजारचे हिंदुराव डोकं डोलवत म्हणाले, “हिरामण, लेका, तुझ्या टीव्हीत ढग गरजला नि माझ्या घरातलं पातेलं खाली आलं. आता आमटी तुझ्याकडेच!” खूप हसले सगळे. मित्रांनो, माझं नाव कुणी घेतलं नाही, पण त्या हसण्यात माझा वाटा होता. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

थोड्याच दिवसांत हिरामण कुरकुरू लागला. “बारीक निघत नाय. पैंजण दिसतात, वाजत नायत.” ट्वीटरचा जोर आवरणारा माझा पांढरा रेझिस्टन्स त्याने उपटून काढला. तरी समाधान नाही. मग कंडेन्सर वाढवला. ट्वीटर किंचाळायला लागला. हिंदुराव म्हणाले, “हे थेटर आहे का सुतारखाना? नुसती करवत चालली आहे.” हिरामणला वाटलं, थट्टा करतात. हळूहळू माणसं यायची थांबली. दोष कुणाला? मला! “हे वाटणीचं नेटवर्कच भंगार आहे,” म्हणत त्याने मला लहान खोक्यासकट उचललं आणि टेकचंदशेठच्या टेबलावर आदळलं. चांगुणाही सोबत आली होती.

“शेठ, हा बारीक आवाज खातो.”

“अरे साईं, मेरा माल खाता नहीं, बाँटता है. बघू दे.”

शेठने माझा रेझिस्टन्स पुन्हा जोडला, वाढवलेला कंडेन्सर काढला. मग भजनाची टेप लावली आणि माझ्या जाड-मधल्या आवाजाच्या तारा सोडून ठेवल्या. फक्त बारीक चालू. टाळांचं चिस्-चिस् दुकानभर पसरलं. रस्त्यावरचा माणूससुद्धा वळून बघू लागला.

हिरामण हाताची घडी घालून उभा. वाट बघत.

“शेठ, चालू करा की.”

शेठने बटण फिरवून आवाज आणखी वाढवला.

“मस्करी नका करू. मना कामावर जायचंय.”

“अहो,” चांगुणा म्हणाली, “वाजतंय.”

“कुठं?”

“हे काय, इथं! समोर!”

हिरामणने वाकून ट्वीटरला कान लावला. मग दुसरा कान लावला. मग मान वर करून बायकोच्या तोंडाकडे बघितलं. त्याला तिच्या तोंडावरूनच समजलं.

चांगुणा स्टुलावर बसली. “म्हणजे ती कुकरची शिट्टी... मला वाटायचं, मुद्दाम उठत नाही. किती वर्षं भांडले मी तुमच्याशी!”

“पण कंपनीत तपासलं होतं,” हिरामण म्हणाला. “साहेबांनी मागं उभं राहून टाळी वाजवली. ऐकली मी.”

“ताली तो दीवार भी सुनती है,” शेठ म्हणाले.

गेलेलं परत येणार नव्हतं, पण मधला आवाज अजून शाबूत होता. मधला आवाज म्हणजे माणसाचं बोलणं. तो वाचवायचा तर प्रेसवरून गोदामात बदली हवी, एवढंच हिरामणने मागितलं. अर्ज लिहिला. शेठने आपला टेप आणि छोटा ॲम्प्लिफायर दिला, आणि आम्ही सगळे तुमच्या टेबलावर आलो. आठवतं ना, साहेब?

हिरामणने फक्त बारीक आवाज चालू केला. तुम्ही दोन्ही कानांवर हात दाबलेत. “बंद कर ते आधी!”

“काय बंद करू, साहेब? मना तर काय चालूच झालेलं नाय.”

“नाटक झकास करतोस. बाजारातलं खोकं म्हणजे पुरावा नाही.”

“मग तुम्ही कान तपासायचं खरं मशीन आणा. त्यावर तपासा.”

“हे ठेवून जा. अर्जही ठेव. बघून उत्तर देऊ.”

टेप, ॲम्प्लिफायर, खोका हे सगळं त्याला परत मिळालं. मला मात्र अर्जाबरोबर सुतळीने बांधून खालच्या खणात टाकलं. तारेवर हिरवट गंज चढलाय, लाकूड फुगलंय. त्याचं मला काही नाही. झाडायला येणाऱ्या बनूबाई बोलतात ते मला छळतं. दर महिन्याला हिरामण विचारायला येतो म्हणे. आधी दारातून विचारायचा, मग टेबलापाशी येऊन, आता बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत उभा राहतो. परवा शिपायाने तीनदा हाक मारली, त्याने मान वळवली नाही. बनूबाईंनीच खांद्याला हात लावून त्याला वळवलं. आणि तो अजून प्रेसवरच आहे.

मित्रांनो, हात कापला तर रक्त दिसतं. कान जाताना काही दिसत नाही, दुखतही नाही. म्हणून आपल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही तर रागावण्याआधी त्याच्याजवळ जा, पुन्हा हाक मारा, आणि तो दिवसभर कुठल्या आवाजात उभा असतो ते विचारा. यंत्राला तेल-पाणी करणारे पुष्कळ आहेत.

आणि साहेब, तुम्ही. अर्ज तुमच्या कपाटात आहे, मी त्याला बांधलेला आहे. हिरामणला प्रेसवरून कधी हलवणार? उत्तर द्या. आणि लेखी द्या. तोंडी सांगितलेलं आता त्याला ऐकू येत नाही.